पेशींना जागे करणारे निरोप : सायटोकाइनविज्ञानात पाऊल ठेवताना

कोविडच्या साथीत, २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, महाराष्ट्रातल्या घराघरांत दोन इंग्रजी शब्द एकाच वेळी रुळले. एक ‘इम्युनिटी बूस्टर’ आणि दुसरा ‘सायटोकाइन स्टॉर्म’. सकाळी सगळ्यांना काढा पाजणारे कुटुंब संध्याकाळी रुग्णालयाच्या अहवालातला आयएल-६ चा (इंटरल्यूकिन-६ चा) आकडा पाहून हादरत होते. त्याला अडवणाऱ्या टॉसिलिझुमॅबच्या एका इंजेक्शनसाठी नातेवाईक शहरभर फोन फिरवत होते. प्रतिकारशक्ती वाढावी ही इच्छा आणि ती अंगावर उलटेल ही धास्ती, दोन्ही एकाच उंबऱ्याच्या आत होत्या. त्या दोन्हींच्या मुळाशी असलेले रेणू एकाच कुळातले आहेत. त्या कुळाची ओळख करून देण्यासाठी ही प्रस्तावना आहे.

दहावीनंतर जीवशास्त्र सुटलेल्या वाचकाचेही इथे स्वागत आहे. शरीरात पांढऱ्या पेशी असतात, त्या जंतूंशी लढतात आणि लस त्यांना शिकवते, एवढे ठाऊक असले तरी सुरुवातीला पुरेल. एक समजूत मात्र आधीच बाजूला ठेवावी लागेल. प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतल्या पाण्याची पातळी, ती वर-खाली करता येते, असे आपण धरून चालतो. पेशींच्या जगात अशी एकच एक पातळी कुठेही सापडत नाही. तिथे कोणती पेशी, कोणत्या जागी, कोणत्या घटकेला, कोणाच्या सांगण्यावरून काय करायला मोकळी झाली, एवढेच दिसते. सायटोकाइन म्हणजे ही मुभा देणारी प्रथिने. या शास्त्राची सारी गोडी आणि सारी अवघड वळणे त्या मुभेच्या तपशिलात आहेत, असे माझे ठाम मत आहे.

सायटोकाइन आकाराने लहान असतात. इंटरल्यूकिन-२ हे त्यांतले भरपूर अभ्यासले गेलेले प्रथिन १३३ अमिनो आम्लांचे आहे. ती पेशीतून बाहेर सोडली जातात, बहुधा शेजारच्याच पेशीपर्यंत पोहोचतात आणि अनेकदा सोडणाऱ्या पेशीवरच परत काम करतात. रक्तातले त्यांचे प्रमाण पिकोग्रॅममध्ये मोजतात. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. इतक्या थोड्या प्रथिनाने काम भागते, कारण ते स्वतः काहीच करत नाही. ते पेशीच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक रिसेप्टरला चिकटते आणि रिसेप्टरचे सुटे भाग जवळ आणते. त्या भागांच्या आतल्या टोकांना ‘जॅक’ नावाची विकरे बसलेली असतात. ती एकमेकांवर आणि रिसेप्टरवर फॉस्फेटचे गट जोडतात. मग ‘स्टॅट’ नावाची प्रथिने तिथे येऊन बसतात, जॅककडून स्वतःवरही फॉस्फेट जोडून घेतात, जोडीजोडीने केंद्रकात शिरतात आणि निवडक जनुके चालू करतात. पेशीच्या दारावर आलेला निरोप काही मिनिटांत डीएनएपाशी पोहोचतो. जेम्स डार्नेल, इयन कर आणि जॉर्ज स्टार्क यांच्या प्रयोगशाळांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हा मार्ग उलगडला. जीवशास्त्रात इतका सरळ आणि छोटा मार्ग क्वचितच आढळतो.

हे रेणू सापडले मात्र फार आडवळणाने, आणि तो इतिहास थोडा सावकाश पाहण्यासारखा आहे. लंडनच्या मिल हिल इथल्या संस्थेत १९५७ साली ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी उष्णतेने निकामी केलेला इन्फ्लुएन्झाचा विषाणू कोंबडीच्या अंड्यातल्या पटलाच्या तुकड्यांबरोबर ठेवला. मग ते द्रावण काढून नव्या तुकड्यांवर घातले, तर त्या तुकड्यांमध्ये जिवंत विषाणू वाढेना. द्रावणात काहीतरी होते. त्याला त्यांनी इंटरफेरॉन म्हटले. तोक्योमध्ये नागानो आणि कोजिमा यांनी १९५४ मध्येच अशा विषाणूरोधक घटकाची नोंद केली होती. पण जगाचे लक्ष लंडनच्या प्रयोगाकडे गेले. ‘द्रावणात काहीतरी आहे’ हे वाक्य पुढची वीस-पंचवीस वर्षे या क्षेत्राचे जणू एकमेव सूत्र होते. १९६६ मध्ये बॅरी ब्लूम आणि बॉइस बेनेट यांनी, आणि स्वतंत्रपणे जॉन डेव्हिड यांनी, गिनीपिगच्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या, पेशी काचेच्या बारीक नळीत भरल्या. एरवी त्या नळीच्या तोंडातून बाहेर पसरतात. ओळखीचा प्रतिजन, म्हणजे परका रेणू, भेटलेल्या लिम्फोसाइटांचे (पांढऱ्या पेशींचाच हा एक प्रकार) द्रावण घातले की त्या जागच्या जागी थबकत. म्हणजे एक पेशी दुसरीला दुरून थांबवू शकत होती.

त्यानंतर द्रावणे आणि त्यांतले ‘घटक’ यांचे पीक आले. प्रत्येक प्रयोगशाळा आपल्या घटकाला वेगळे नाव देई आणि एकाच प्रथिनाला चार-पाच नावे पडत. अखेर १९७९ साली स्वित्झर्लंडमधल्या एर्माटिंगेन इथे जमलेल्या संशोधकांनी इंटरल्यूकिन-१ आणि इंटरल्यूकिन-२ अशी नावे ठरवून त्या गोंधळाला आवर घातला. हेलसिंकीत कारी कँटेल फिनलंडच्या रक्तपेढीतल्या पांढऱ्या पेशींपासून इंटरफेरॉन बनवत होते आणि जगभरच्या चाचण्या बराच काळ त्यांच्याच साठ्यावर चालल्या. जनुके वेगळी करता येऊ लागल्यावर ही सारी धडपड इतिहासजमा झाली. १९८३ मध्ये तादात्सुगु तानिगुची यांच्या गटाने इंटरल्यूकिन-२ चे जनुक हाती आणले आणि ते प्रथिन जिवाणूंकडून हवे तेवढे बनवून घेता येऊ लागले. तरी नव्या विद्यार्थ्याने ते जुने निबंध एकदा वाचावेत, असा माझा आग्रह आहे. रेणू दिसत नसताना, केवळ त्याच्या परिणामावरून त्याचे अस्तित्व, आकार आणि स्वभाव ताडण्याची जी शिस्त त्यांत आहे, ती आजच्या तयार किटच्या काळात शिकायला मिळत नाही.

मुभा म्हणजे काय, हे क्षयरोगाच्या जंतूइतके स्पष्ट दुसरे कोणी शिकवत नाही. फुप्फुसातली मॅक्रोफेज पेशी क्षयाचा जंतू गिळते, पण गिळणे आणि मारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जंतू ज्या पिशवीत अडकलेला असतो, तिला पचनरसांच्या पिशवीशी तो जुळू देत नाही आणि आतच तग धरून राहतो. मॅक्रोफेजकडे हत्यारे असतात, पण तिने ती अजून काढलेली नसतात. ती आपल्या पृष्ठभागावर जंतूच्या प्रथिनाचे तुकडे मांडते आणि इंटरल्यूकिन-१२ सोडते. त्या जंतूची ओळख असलेली टी पेशी, म्हणजे एक प्रकारची लिम्फोसाइट, तिथे आली, तुकडा ओळखला आणि इंटरल्यूकिन-१२ चा निरोपही मिळाला, की ती इंटरफेरॉन-गॅमा सोडते. मगच मॅक्रोफेज खऱ्या अर्थाने मारक होते. पिशवीतली आम्लता वाढते, ऑक्सिजनची विषारी संयुगे तयार होतात आणि ती जास्त तुकडे मांडू लागते, म्हणजे आणखी टी पेशी बोलावल्या जातात. मॅक्रोफेजला चेतवणारा द्रावणातला तो घटक प्रामुख्याने इंटरफेरॉन-गॅमाच आहे, हे कार्ल नेथन यांच्या गटाने १९८३ मध्ये दाखवले. एचआयव्हीने सीडी-४ टी पेशी कमी केल्या की क्षय का उसळतो, त्याचा एक मोठा भाग या साखळीतून उलगडतो. निरोप देणारेच उरत नाहीत.

माणसात हे किती खरे आहे, याची साक्ष १९९६ मध्ये मिळाली. माल्टातल्या एका कुटुंबातली काही मुले एरवी निरुपद्रवी मानल्या जाणाऱ्या मायकोबॅक्टेरियांनी गंभीर आजारी होती आणि ट्युनिशियातल्या एका बाळाला बीसीजीच्या लशीतलाच जंतू जिवावर बेतला होता. दोन्हीकडे इंटरफेरॉन-गॅमाच्या रिसेप्टरचे जनुक बिघडलेले निघाले. पुढे इंटरल्यूकिन-१२ च्या मार्गातलेही असेच बिघाड सापडले. माझ्या दृष्टीने सर्वांत बोलके आहे ते हे, की ही मुले इतर बहुतेक जंतूंशी बऱ्यापैकी झुंज देतात. त्यांची ‘प्रतिकारशक्ती कमी’ आहे असे सरसकट म्हणताच येत नाही. पेशीच्या पोटात दडून बसणाऱ्या काही मोजक्या जंतूंना मारण्याची मुभा तेवढी त्यांच्या मॅक्रोफेजना मिळत नाही.

भारतातल्या दवाखान्यांत या ज्ञानाचा रोज उपयोग होतो. शरीरात क्षयाचा सुप्त संसर्ग आहे का, हे पाहणाऱ्या रक्तचाचणीत रुग्णाच्या रक्तात क्षयजंतूची ईएसएटी-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिने मिसळतात आणि टी पेशी किती इंटरफेरॉन-गॅमा सोडतात ते मोजतात. ही प्रथिने बीसीजीच्या जंतूत नसल्यामुळे लस घेतलेल्यांतही चाचणी फसत नाही. टी पेशींना जंतू ओळखीचा आहे एवढेच ती सांगते. आजार चालू आहे की नाही, हे तिच्यावरून ठरत नाही, आणि हा फरक रुग्णाला समजावून सांगितलाच पाहिजे. उलट बाजूचा धडा संधिवाताच्या उपचारातून आला. टीएनएफ हे दुसरे एक सायटोकाइन अडवले तर सांध्यांची सूज ओसरते, हे रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी लंडनमध्ये १९९० च्या दशकात दाखवले आणि लाखो लोकांची बोटे पुन्हा सहज चालू लागली. पण २००१ पर्यंत असेही लक्षात आले, की हे औषध घेणाऱ्या काहींत दबलेला क्षय उफाळून येतो. जंतूला गाठीत कोंडून ठेवणारा पहारा टीएनएफच्याच निरोपावर उभा होता. म्हणून आज असे इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी आपल्याकडचे संधिवाततज्ज्ञ क्षयाची तपासणी आधी करून घेतात.

आता इंटरल्यूकिन-२ कडे येतो, कारण या क्षेत्राच्या आशा आणि चुका दोन्ही त्याच्या कहाणीत सर्वांत स्पष्ट वाचता येतात. १९७६ पर्यंत माणसाच्या टी पेशी प्रयोगशाळेत फार काळ जगवता येत नव्हत्या. त्या वर्षी डोरिस मॉर्गन, फ्रान्सिस रुसेटी आणि रॉबर्ट गॅलो यांनी चेतवलेल्या लिम्फोसाइटांचे, म्हणजे इंटरल्यूकिन-२ असलेले, द्रावण वापरून त्या दीर्घकाळ वाढवून दाखवल्या. एचटीएलव्ही-१ आणि नंतर एचआयव्ही हे विषाणू हाती लागले, ते अशा वाढवलेल्या टी पेशींमुळेच.

या प्रथिनाचा रिसेप्टर तीन साखळ्यांचा आहे: अल्फा, बीटा आणि गॅमा. विश्रांतीतल्या टी पेशीवर अल्फा नसते आणि इंटरल्यूकिन-२ शेजारून वाहत गेले तरी तिला त्याचे फारसे सोयरसुतक नसते. आपला प्रतिजन ओळखल्यावर काही तासांत ती अल्फा साखळी पृष्ठभागावर आणते आणि तिची पकड सुमारे शंभरपट घट्ट होते. मग ती दिवसातून दोन-तीनदा विभागू लागते. इतर सायटोकाइनांच्या साहाय्याने काही दिवसांत एका पेशीच्या हजारो होतात. निरोप सगळ्यांसाठी हवेत असतो, पण तो ऐकण्याचा कान फक्त जंतू ओळखलेल्या पेशीलाच फुटतो. निसर्गाने नेमकेपणा असा साधला आहे.

गॅमा साखळीने तर संशोधकांना चांगलेच कोड्यात टाकले होते. १९९३ मध्ये कळले, की काही मुलग्यांमध्ये जन्मतः आढळणारी तीव्र प्रतिकारहीनता या साखळीच्या जनुकातल्या दोषाने होते. अशा बाळात टी पेशी आणि नैसर्गिक मारक पेशी जवळजवळ नसतात. पण ज्या उंदरांत इंटरल्यूकिन-२ मुळातच नाही, त्यांच्यात टी पेशी होत्या. मग त्याच्या रिसेप्टरची एक साखळी गेल्याने एवढा विध्वंस कसा? उत्तर असे निघाले, की ही साखळी इंटरल्यूकिन-४, ७, ९, १५ आणि २१ यांच्या रिसेप्टरांतही सामाईक आहे. टी पेशी घडायला सातवे लागते, नैसर्गिक मारक पेशींना पंधरावे. एक साखळी तुटली आणि सहा निरोप एकदम बंद झाले. आपल्या देशात बाळाला जन्मल्याबरोबर बीसीजी देतात, त्यामुळे अशा बाळांत लशीचा जंतूच अंगभर पसरण्याचा धोका असतो. मुंबईत परळला केईएमच्या आवारात असलेली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था अशा जन्मजात दोषांचे निदान करते. लवकर निदान झाले तर अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणाने बाळ वाचू शकते. नवजात बाळाला वारंवार संसर्ग होत असेल, घरात पूर्वी एखादा मुलगा तान्हेपणीच गेलेला असेल, तर ही शक्यता डॉक्टरांच्या आणि पालकांच्या मनात यायला हवी. हे मी पोटतिडकीने लिहीत आहे.

टी पेशींची वाढ करणारे प्रथिन सापडले म्हटल्यावर कॅन्सरवर ते वापरून पाहण्याचा विचार अटळ होता. अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी १९८४ मध्ये अंगभर पसरलेला मेलॅनोमा (त्वचेचा कॅन्सर) असलेल्या एका तरुणीला ते मोठ्या मात्रेत दिले आणि तिच्या गाठी विरघळल्या. तोवरच्या रुग्णांपैकी कोणातही असे घडले नव्हते. १९९२ मध्ये मूत्रपिंडाच्या आणि १९९८ मध्ये त्वचेच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी औषधाला मान्यता मिळाली. मेलॅनोमाच्या २७० रुग्णांत सुमारे १६ टक्क्यांच्या गाठी आक्रसल्या, ६ टक्क्यांच्या पूर्ण नाहीशा झाल्या, आणि त्यांतल्या बहुतेकांत त्या वर्षानुवर्षे परतल्या नाहीत. पण किंमत भारी होती. रक्तवाहिन्या झिरपू लागत, रक्तदाब कोसळे, फुप्फुसांत पाणी साठे. या प्रथिनाचे रक्तातले अर्धायुष्य मिनिटांत मोजण्याएवढे कमी, म्हणून दर आठ तासांनी मोठा डोस द्यावा लागे. दोन पेशींमधल्या फटीत क्षणभर बोलायचा निरोप साऱ्या शरीराला ओरडून सांगितल्यावर दुसरे काय होणार?

आणि मग सर्वांना चक्रावणारी गोष्ट पुढे आली. इंटरल्यूकिन-२ नसलेले उंदीर टी पेशींविना मरायला हवे होते. ते झाले नाही. त्यांच्या टी पेशी बेभान झाल्या आणि आतड्यांवर, रक्तपेशींवर, स्वतःच्याच शरीरावर तुटून पडल्या. याचे उत्तर शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवलेल्या नियामक टी पेशींत होते. या पेशींवर अल्फा साखळी कायमच भरपूर असते आणि त्यांचे काम इतरांना आवरण्याचे. त्या स्वतः इंटरल्यूकिन-२ बनवत नाहीत आणि त्याच्याविना तगही धरत नाहीत. कालव्याच्या मुखाशी असलेल्या शेतांनी पाणी उचलले की टेलच्या शेतकऱ्याच्या वाट्याला कोरडी चारी येते. नियामक पेशी या मुखाजवळच्या शेतांसारख्या आहेत. प्रथिन थोडे असताना ते बहुतेक त्याच शोषून घेतात, आणि लढणाऱ्या पेशींपर्यंत ते पोहोचते ते प्रमाण वाढल्यावरच. म्हणजे ज्या प्रथिनाला ‘टी पेशींचे टॉनिक’ समजून कॅन्सरच्या रुग्णांना दिले, त्याचे न टाळता येणारे एक काम संयम राखण्याचे होते. साकागुची, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चे नोबेल मिळाले ते या पेशींशी निगडित शोधांसाठी. २०११ पासून तर इंटरल्यूकिन-२ अगदी थोड्या मात्रेत देऊन नियामक पेशी वाढवण्याचे आणि शरीराचा स्वतःवरचा हल्ला शमवण्याचे प्रयत्न सुरू आहेत. रेणू तोच, मात्रा वेगळी, आणि परिणाम थेट उलटा.

‘बूस्टर’ या कल्पनेवर माझा आक्षेप आहे, तो या ठिकाणी. चेतवणे नेहमीच घातक असते, असे मला म्हणायचे नाही. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी घसरलेल्या रुग्णाला वॉर्डात ‘पेशी वाढवण्याचे इंजेक्शन’ देतात, तेही सायटोकाइनच. मेलबर्नच्या डोनाल्ड मेटकाफ यांनी ज्या वाढघटकांच्या शोधात आयुष्य घालवले, त्यांपैकी एक. १९९१ पासून त्याने असंख्य रुग्णांना जीवघेण्या संसर्गापासून वाचवले आहे. त्याच्या यशाचे कारणही तेच: एका पेशीवंशासाठी एक निरोप, आणि तो केव्हा द्यायचा, केव्हा थांबवायचा हे रोजच्या रक्ततपासणीवरून ठरवता येते.

आणि सुरुवातीला आलेले ते सायटोकाइनांचे वादळ? आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. अशा उपचारात रुग्णाच्याच टी पेशी बदलून परत दिल्या जातात. त्या कॅन्सरच्या पेशींवर एकदम तुटून पडल्या की शेजारच्या मॅक्रोफेजही पेटतात आणि आयएल-६ चा लोंढा सुटतो. त्यावर टॉसिलिझुमॅबने त्याचा रिसेप्टर अडवला की ताप आणि रक्तदाब सहसा ताळ्यावर येतात. कोविडमध्ये तेच औषध ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत उपयोगी ठरले, पण ऑक्सिजन घसरलेल्या आणि शरीरात दाह वाढलेल्या रुग्णांसाठी. तिथले आयएल-६ चे आकडे कार-टीच्या वादळापेक्षा बहुधा कितीतरी कमी होते. त्या दिवसांत केवळ एका आकड्यावरून औषधासाठी धावाधाव झाली, ती पाहून या विषयाच्या अभ्यासकांना वाईट वाटत होते.

या क्षेत्रात येणाऱ्यासमोर आज मोकळे मैदान आहे. पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, खारघरला टाटा मेमोरियलचे संशोधन केंद्र आहे, आणि टी पेशी वाढवण्याचे पहिले धडे तिथल्या तरुण मुलामुलींना प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम करतानाच मिळतात. इंटरल्यूकिन-२ ची कहाणीही संपलेली नाही. नियामक पेशींना टाळावे म्हणून अल्फा साखळीला नीट चिकटू न शकणारे रूप बनवले गेले. मोठ्या गाजावाजाने झालेली त्याची मेलॅनोमावरची चाचणी २०२२ मध्ये अपयशी ठरली. त्याच वर्षी रफी अहमद यांच्या गटाने उंदरांत दाखवले, की थकलेल्या टी पेशींना पीडी-१ हा त्यांच्यावरचा लगाम अडवणाऱ्या औषधाबरोबर पुन्हा उभे करायचे तर इंटरल्यूकिन-२ ची अल्फावरची पकडच लागते. जी पकड अडचण म्हणून सैल केली होती, ती उपयोगाची निघाली. इंटरल्यूकिन-१५ चे सुधारलेले रूप २०२४ मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी मान्य झाले, आणि ते द्यायचे बीसीजीबरोबर, थेट मूत्राशयात, म्हणजे निरोप जिथे हवा तिथेच. त्याच वर्षी गाठीतूनच काढून वाढवलेल्या टी पेशींचा मेलॅनोमावरचा उपचार अमेरिकेत मान्य झाला. त्या पेशी रुग्णाला दिल्यावर पाठोपाठ रोझेनबर्ग यांनी वापरलेलेच इंटरल्यूकिन-२ दिले जाते, मात्र जास्तीत जास्त सहा डोस. त्यांतला कोणता थेंब लढणाऱ्या पेशीला मिळतो आणि कोणता आवरणाऱ्या पेशीला, हे गाठीच्या आत, जिवंत रुग्णात पाहण्याची पद्धत अजून घडायची आहे.